टाच किती रुतते

पहाटे तीनचा सुमार असेल. शेजारच्या तंबूची चेन सर्रकन उघडली, उस्ताद खोकले आणि बर्फावरून चार-पाच पावलं चालत गेले. थांबले. मग त्यांनी बुटाची टाच जोरात खाली आपटली. जरा पुढे जाऊन पुन्हा एकदा, आणि मग उताराच्या बाजूला जाऊन तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा आवाज एकच आला, ठक्क, फरशीवर खलबत्ता टेकवावा तसा. मग आमच्या तंबूवर बाहेरून थाप पडली. "उठो. पक्का है."

आम्ही पुण्याहून गेलेले चौघं जण होतो. जागा बकरथाच, मनालीच्या वर, सोलंग खोऱ्यात धुंदीच्या पुढे, बियास कुंडाच्या वाटेवर. एप्रिलचा शेवटचा आठवडा. पुण्यात तेव्हा पारा चाळिशीला टेकला होता आणि इथे तंबूच्या आतल्या कापडावर आमच्याच श्वासाचं दव गोठून पांढरं झालं होतं. स्लीपिंग बॅगमध्ये पडल्या पडल्या मी विचार करत होते, हा माणूस थर्मामीटर का पाहत नाही? टाच आपटून असं काय कळतं?

त्या टाचेचा अर्थ कळायला मला दोन दिवस लागले. पूर्ण पटायला मात्र कितीतरी वर्षं.

आपण सह्याद्रीत वाढलेली माणसं. सह्याद्री सगळ्यात आधी काय शिकवतो, तर मळलेल्या वाटेवर विश्वास ठेवायला. रानात चुकल्यावर अचानक पायवाट लागली की जीव भांड्यात पडतो. इथून माणसं गेलीत, गुरं गेलीत, म्हणजे ही कुठेतरी नक्की पोचते. आणि दुसरं म्हणजे सह्याद्री चूक लगेच दाखवतो. कातळ शेवाळलेला असेल तर पहिल्याच पावलाला कळतं. घसाऱ्यावर पाय टाकला की माती सरकते, दगड गडगडत जातात, आपण चपापतो, बसतो, दुसरीकडून वाट काढतो. पाच-सहा पावसाळे असे काढले की पायांना आपोआप अक्कल येते. मला ती आली होती, निदान तसं वाटत होतं, आणि तीच घेऊन मी हिमालयात गेले.

माझा पहिला बर्फ 1996 च्या मे महिन्यातला, सार पासचा. महाराष्ट्रातल्या कित्येक पोरापोरींनी आयुष्यातला पहिला बर्फ तिथेच हातात घेतला असेल. कसोल, ग्रहण गाव, नगारूची ती वाऱ्याने झोडपलेली धार, आणि मग सुमारे 4200 मीटरवरची खिंड ओलांडून बिस्केरीच्या अंगाला बसून घसरत जायचा आनंद. नगारूहून अंधारातच निघायचं असतं. त्या दिवशी आमच्या गटाला उशीर झाला. कुणाचं पोट बिघडलं, कुणाचा मोजा सापडेना, चहा दोनदा झाला. निघालो तेव्हा उजाडलेलं होतं, आणि शेवटचा आडवा उतार पार करत होतो तेव्हा बारा वाजून गेले होते. पाय मांडीपर्यंत बर्फात जात होते. एकमेकांना हात देत, गाणी म्हणत आमची चाळीसेक जणांची ओळ एकाच वेळी त्या उतारावर होती. बर्फ इतका मऊ की कुणीतरी म्हणालं, आता पडलं तरी लागायचं नाही.

काही झालं नाही. पलीकडे पोचलो, घसरलो, हसलो, घरी येऊन फोटो धुऊन घेतले. आणि माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: पहाटे बर्फ कडक आणि निसरडा असतो म्हणून धोक्याचा, दुपारी मऊ होतो म्हणून सोपा.

मी बरोबर उलटं शिकून परत आले होते. आणि यातली मला आजही अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, चूक झाली हे डोंगराने मला सांगितलंच नाही. त्या उतारावरचा बर्फ त्या दिवशी सुटायचा नव्हता, हिमस्खलन व्हायचं नव्हतं, एवढंच. पण सुखरूप परत येणं हाच माझ्यासाठी पुरावा झाला. पुढची पंधरा-सोळा वर्षं मी नव्या मुलांना तेच सांगत होते: घाबरू नका, दुपारी पाय छान रुततात.

साचलेला बर्फ म्हणजे एकसंध ढीग नसतो. प्रत्येक हिमवृष्टीचा त्यात एक थर असतो. काही थर घट्ट, काही साखरेसारखे सुटे. कडक थंडीच्या दिवसांत असा एखादा कच्चा थर मधेच दबून राहतो, आणि वरून नव्या बर्फाचा नाहीतर माणसाचा भार आला की त्याच्यावरची अख्खी लादी एकदम सुटते. कधी कधी त्याआधी पायाखालून "धुप्प" असा दबका आवाज येतो, पोकळीतली हवा बसावी तसा. तो आवाज आला की त्या उतारावरून मागे फिरायचं, बाकी काही विचार करायचा नाही.

वसंतात ऊन चढायला लागलं की वेगळंच काम सुरू होतं. वरचा बर्फ वितळतो आणि पाणी कणाकणांमधून खाली झिरपतं. हिवाळाभर शून्याच्या खाली राहिलेला सगळा साठा वरपासून तळापर्यंत शून्यावर येऊन ठेपतो. मग कणांना एकमेकांशी बांधून ठेवणारे बारीक सांधे विरघळू लागतात. झिरपलेलं पाणी खाली एखाद्या टणक पापुद्र्यावर अडतं, नाहीतर थेट जमिनीपर्यंत पोचून आडव्या पडलेल्या गवतावर, गुळगुळीत खडकावर पसरतं. वरचा सगळा भार त्या ओलाव्यावर येतो. हे वाचताना मराठी माणसाला आपली दरड आठवेल, आणि आठवायलाच हवी. 2014 ची माळीण, 2021 ची तळिये, 2023 ची इर्शाळवाडी. तिथे पावसाने माती भिजली, जड झाली आणि उताराने तिला सोडून दिलं. इथे पाऊस लागत नाही, उन्हानेच बर्फ भिजतो. आणि त्यावर खरोखरचा पाऊस पडला तर मग विचारायलाच नको.

रात्र मात्र हे सगळं पुन्हा बांधून ठेवते, पण आकाश उघडं असेल तरच. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडून देतो आणि हवेपेक्षाही गार होतो. हवा दोन-तीन अंशांवर असली तरी त्याचा वरचा थर गोठू शकतो. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या परिसरात हिवाळ्यात गवतावरचं आणि गाड्यांच्या टपांवरचं दव गोठतं, त्याचे फोटो दर वर्षी छापून येतात. तेव्हाही हवेचं तापमान शून्याच्या बरंच वर असतं. कारण हेच. याउलट आभाळ भरून आलं की बर्फावर गोधडी पडते. उष्णता आतच अडते आणि सकाळी बर्फ संध्याकाळी होता तसाच ओला, सैल सापडतो.

म्हणून उस्ताद थर्मामीटर पाहत नव्हते. हवा किती गार आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. बर्फ गोठलाय का, आणि तो नुसता पापुद्रा आहे की भार पेलणारी लादी, एवढंच त्यांना हवं होतं. ते टाचेला कळतं.

उस्ताद खालच्याच एका गावातले, साठीच्या जवळ आलेले. गिर्यारोहणाचं शिकवणाऱ्याला तिकडे उस्ताद म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. बोलायचे फार कमी. आदल्या दिवशी धुंदीहून वर येताना मी तंबूसाठी एक जागा हेरली होती. सपाट, पाणी जवळ, समोर हनुमान टिब्बा. त्यांनी मान हलवली आणि काठीने वरचा उतार दाखवला. दोन्ही बाजूंना दाट झाडी आणि मधे वरपासून खालपर्यंत भांग पाडल्यासारखी उघडी पट्टी. पट्टीच्या कडेची भूर्जाची कोवळी झाडं सगळी एकाच दिशेला, उताराकडे, वाकलेली. मोठ्या खोडांच्या डोंगराकडच्या फांद्या मोडलेल्या, दरीकडच्या शाबूत. "ये हर साल आता है," ते म्हणाले. मी पाहत होते ती त्या पट्टीची तळाची, जिथे येऊन सगळं पसरतं ती जागा होती. सपाट होती ती म्हणूनच. आम्ही आणखी वीस मिनिटं चाललो आणि एका खडकाळ उंचवट्याच्या आडोशाला तंबू लावले. पाणी लांब पडलं. त्यावरूनही आमच्यात कुरकुर झालीच.

उताराकडे पाहायचं कसं, हेही मला तिथेच कळलं. आपण कड्याला घाबरतो. पण सरळ कड्यावर बर्फ फार साठतच नाही, पडेल तसा झडून जातो. जिथे भरपूर साठतो आणि तरी सुटू शकतो, असे उतार साधारण 30 ते 45 अंशांतले. घरातला जिना सुमारे 30 अंशांचा असतो. म्हणजे जिन्याहून थोडा तीव्र, पांढराशुभ्र, डोळ्यांना अजिबात न खुपणारा उतार, हीच ती जागा. उस्तादांनी एक काठी उभी धरली आणि तेवढ्याच लांबीची दुसरी तिच्या मध्यावरून डोंगराकडे आडवी लावली. आडवी काठी पुरती टोकापर्यंत गेल्यावर बर्फाला टेकली तर उतार सत्तावीसेक अंशांचा. आमची काठी निम्म्यातच बर्फाला भिडली. मग प्रत्येक उताराला काठ्या लावून बघायचा मला नादच लागला.

त्या पहाटे चारला वरच्या धारेकडे निघालो. बुटांखाली बांधलेल्या क्रॅम्पॉनच्या लोखंडी दातांचा करकर आवाज, कपाळावरच्या दिव्याचा वर्तुळाएवढा उजेड, बाकी काळोख. असा गोठलेला बर्फ चालायला फार सुखाचा असतो. दुपारी दोन तास खाणारं अंतर आम्ही चाळीस मिनिटांत तोडलं. पहिला आडवा उतार आला तेव्हा उस्ताद थांबले. सॅकचा कमरेचा पट्टा सोडायला लावला, काठ्यांच्या दोऱ्यांतून मनगटं काढायला लावली. आणि मग एकेकाने जायचं. एक जण उतारावर, बाकीचे खडकाच्या आडोशाला उभे राहून त्याच्याकडे पाहणार. त्याने पलीकडचा खडक गाठला की मगच दुसरा. आमच्यातला एक मित्र म्हणाला, सगळा बर्फ दगडासारखा आहे, आता कशाला वेळ घालवायचा? उस्ताद म्हणाले, "आदत के लिए."

मला तेव्हा सार पासवरची चाळीस जणांची ओळ आठवली. थंडीतही अंगाला घाम फुटला.

साडेसहाच्या सुमारास पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारांवर ऊन आलं. वसंतात ऊन डोंगरावर एका क्रमाने फिरतं आणि धोका त्याच्या मागोमाग फिरतो. आधी पूर्वेचे उतार ढिले होतात, मग दक्षिणेचे, दुपारनंतर पश्चिमेचे. उत्तरेचे उतार सावलीत राहतात, पण तिथे हिवाळ्यातले कच्चे थर उशिरापर्यंत तग धरून असतात, म्हणून तेही निर्धास्त नाहीत. आमची परतीची वाट एका पूर्वेकडच्या उतारावरून होती. चढताना अंधारात पार केलेला तोच उतार. त्यामुळे आम्हाला वेळ धारेवर कधी पोचू यावरून काढायची नव्हती. त्या उताराशी परत कधी येऊ यावरून काढायची होती. इतकी साधी गोष्ट, पण इतक्या वर्षांत ती मला कुणी सांगितली नव्हती आणि मीही कुणाला सांगितली नव्हती.

नऊ वाजले. धार अगदी समोर होती, शे-दीडशे मीटर वर. तिच्या कडेवर वाऱ्याने रचलेली बर्फाची पुढे आलेली झालर उन्हात चमकत होती. तेवढ्यात शेजारच्या उतारावरच्या खडकाखालून बर्फाची एक लहानशी गुंडाळी सुटली. गोल गोल फिरत, आपल्याभोवती थर गुंडाळत, सुरळीच्या वडीसारखी, आणि थोडं खाली जाऊन थांबली. मागे बारीक रेघ. मग आणखी एक. मग चार-पाच. मला ते इतकं गोड वाटलं की मी कॅमेरा काढला. उस्तादांनी टाच आपटली. या वेळी आवाज आला नाही, बूट घोट्यापर्यंत आत गेला.

"बस. वापस."

मित्राने हात जोडले. "उस्ताद, एक घंटा. बस एक घंटा." तो पुन्हा पुन्हा धारेकडे पाहत होता. उस्ताद म्हणाले, "ऊपर मत देखो, घड़ी देखो." आवाज चढवला नाही, समजूत घातली नाही. सॅक उचलून ते उतरायला लागलेसुद्धा.

तो मित्र दिवसभर बोलला नाही. रजा, विमानाचं तिकीट, सहा महिन्यांची तयारी, सगळं त्याच्या चेहऱ्यावर होतं. खरं सांगायचं तर मलाही उस्तादांचा राग आला होता. दुपारी पलीकडच्या डोंगरावरून दोन-तीनदा गडगडाट ऐकू आला, खडीचा ट्रक रिकामा करावा तसा. पण आमचा उतार तसाच होता, अख्खा. मित्र संध्याकाळी एवढंच म्हणाला, "आलं का काही?"

हिमाचल-उत्तराखंडच्या गावांमध्ये लोक हिमस्खलनाला सरळ "ग्लेशियर" म्हणतात. ग्लेशियर आया, ग्लेशियर गिरा, रास्ते में ग्लेशियर पडा है. शहरातून गेलेल्याला वाटतं, शब्द चुकला, ग्लेशियर म्हणजे तर हिमनदी. मला आता तसं वाटत नाही. नाल्यात येऊन पडलेला तो बर्फ इतका जाड, इतका कठीण असतो की आसपासचं सगळं वितळून गवत उगवलं तरी तो जूनपर्यंत जागेवर असतो, मातकट, काळपट, पोटातून झरा वाहणारा. लोक त्याच्यावरून मेंढरं नेतात. त्यांच्यासाठी ती एका क्षणात घडून गेलेली घटना नाही. खोऱ्यात दर वर्षी येऊन राहणारी ती एक वस्तू आहे, तिची जागा ठरलेली आहे, आणि त्या जागेवर ते घर बांधत नाहीत.

आपण बाहेरचे लोक मात्र नेमके तिथे थांबतो, कारण तिथे मोकळं असतं. 4 एप्रिल 2023 ला सिक्कीममध्ये गंगटोकहून नाथुलाकडे जाणाऱ्या जवाहरलाल नेहरू मार्गावर भर दिवसा बर्फ खाली आला आणि सात पर्यटक गेले. ते गिर्यारोहक नव्हते. रस्त्यालगतच्या बर्फात खेळायला उतरलेली साधी माणसं होती. परवानगी तेराव्या मैलापर्यंतची होती आणि ते त्याच्या पुढे गेले होते, असं प्रशासनाने नंतर सांगितलं. त्या रस्त्यावर मीही एकदा गेले आहे. मैलाच्या दगडापलीकडचा बर्फ अलीकडच्यापेक्षा नेहमीच जास्त छान दिसतो, हे मला समजू शकतं. मी त्या माणसांना नावं ठेवणार नाही.

त्याच्या दोन वर्षं आधी, 23 एप्रिल 2021 ला, उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात सुमनाजवळ रस्त्याचं काम करणाऱ्यांच्या छावणीवर हिमस्खलन झालं. वेळ दुपारी चारच्या सुमाराची. त्याआधी पाच दिवस तिथे पाऊस आणि बर्फ पडत होता. सैन्याने 384 जणांना वाचवलं, तरी अनेक मजूर गेले. आणि 28 फेब्रुवारी 2025 ला बद्रीनाथच्या पुढे माणा इथे भल्या सकाळी सीमा सडक संघटनेचे 54 कामगार गाडले गेले. त्यातले 46 वाचले, आठ गेले. कित्येक जण लोखंडी कंटेनरमध्ये झोपले होते, त्या पत्र्याने त्यांना श्वास घेण्याइतकी जागा ठेवली. माण्याची वेळ लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहाट झाली म्हणजे डोंगर बांधलेला असतोच, असं नाही. मोठी हिमवृष्टी होऊन गेली असेल तर तो ताजा भार बसेपर्यंत घड्याळाचा काही उपयोग नसतो. एक-दोन दिवस, कधी अधिक, नुसतं थांबायचं असतं.

दबलेल्या माणसाकडे किती वेळ असतो? दुसऱ्या देशांत, जिथे अशा अपघातांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या आहेत, तिथून एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी नऊ जण जगतात. अर्धा तास उलटला की निम्म्याहून अधिक गेलेले असतात, बहुतेक गुदमरून. बर्फ पिंजलेल्या कापसासारखा वाटतो, पण खाली येऊन थांबला की सिमेंटसारखा बसतो. हाताची मूठ उघडता येत नाही. ओला बर्फ तर त्याहून वाईट. अशा वेळी खालच्या गावातून, हेलिकॉप्टरने, कुणी येईल याला अर्थ नसतो. दहा मिनिटांत पोचणारा माणूस एकच, तुमच्याबरोबर चालणारा, आणि तोही तुमच्याबरोबर गाडला गेला नसेल तरच. एकेकाने उतार पार करायचा तो यासाठी.

युरोप-अमेरिकेत अशा डोंगरांत स्कीवर फिरणारे प्रत्येकी तीन गोष्टी अंगावर बाळगतात. 457 किलोहर्ट्झवर संदेश सोडणारा आणि पकडणारा छोटा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून शोधायची घडीची लांब सळई, आणि फावडं. तिन्ही लागतात आणि तिन्ही वापरायचा सराव लागतो. सराव नसेल तर ते नुसतं ओझं. आपल्याकडच्या ट्रेकमध्ये मी ती फार क्वचित पाहिली आहेत. उस्तादांच्या सॅकमध्ये लाल सुती दोरीचं भेंडोळं होतं. संशयाचा उतार असला की ते कमरेला बांधून मागे लांब सोडायचं. माणूस गाडला गेला तरी दोरीचा एखादा तुकडा वर राहील, ही आशा. जुनी पद्धत. तिची खात्री देता येत नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं.

मनालीत 1969 साली हिम आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संरक्षण खात्याची संस्था सुरू झाली. तिकडे सगळे तिला "सासे" म्हणतात. 2020 मध्ये ती दुसऱ्या एका संस्थेत मिळून डीजीआरई झाली. हिवाळ्यापासून वसंतापर्यंत तिथून जिल्ह्याजिल्ह्यांसाठी हिमस्खलनाचे इशारे निघतात. लष्कर ते वाचतं, रस्तेवाले वाचतात. पुण्या-मुंबईहून ट्रेकला निघालेल्यांपैकी किती जण वाचतात? पावसाळ्यात घाटात दरडीची बातमी बघितल्याशिवाय आपण गाडी काढत नाही. तेवढी सवय इथे लागली तरी खूप होईल.

गेल्या वर्षी माझी भाची मे महिन्यात एक खिंड करायला निघाली. हॉलमध्ये सामान पसरून यादी करत होती. गॉगल, गेटर, सनस्क्रीन, पॉवर बँक. मी तिच्याशेजारी बसले आणि म्हटलं, नेणाऱ्यांना तीन गोष्टी विचारून घे. खिंडीच्या दिवशी किती वाजता निघणार? कुठे पोचलो नाही तर किती वाजता मागे फिरणार? आणि ते ठरवणार कोण? ती हसली. "मावशी, तिथे रोज शंभर-दीडशे जण जातात. मस्त वाट पडलेली असते."

मी गप्प झाले. इतकी वर्षं आपणच तर शिकवलं होतं, मळलेली वाट दिसली की निर्धास्त चालायचं. आता तिला कसं सांगायचं, की बर्फातली पाऊलवाट फक्त काल काय झालं ते सांगते. ती पडली तेव्हा सकाळचे सहा वाजले असतील. तू तीवर दुपारी एकला असशील. ठसे तेच, उतार तो राहिलेला नसेल. शेवटी मी हेच शब्द तिला सांगितले, आणि मग सार पासचीही गोष्ट सांगितली, पूर्ण, बारा वाजून गेल्याचं न लपवता. ती ऐकत होती. मग तिने फोन उचलला आणि नेणाऱ्यांना विचारलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच आलं. दुसऱ्याला त्यांनी दोन दिवस घेतले, पण दिलं.

बकरथाचला आमच्याकडे आणखी दोन दिवस होते. त्या दुसऱ्या संध्याकाळी आभाळ भरून आलं. रात्री तंबूत चक्क उबदार वाटत होतं, स्लीपिंग बॅगची चेन अर्धी उघडी ठेवून झोपलो. मधेच जाग आली तेव्हा बाहेर कुठेतरी पाणी ठिबकत होतं. टप, टप, सावकाश. मला वाटलं, बरं झालं, थंडी कमी झाली.

तीनला शेजारची चेन उघडली. खोकला. पावलं, पण या वेळी त्यांना करकर नव्हती. टाच आपटली. भस्स. जरा पुढे पुन्हा, भस्स. मग ती पावलं आमच्या तंबूपर्यंत आली. "सो जाओ," उस्ताद म्हणाले, आणि परत जाऊन झोपले.

सातला ढग पांगले आणि असा लख्ख दिवस उघडला की वर्षभर त्याची वाट पाहावी. चौघंही खडकावर जाऊन बसलो. समोर आमचा उतार, त्यावर आमची कालची वाट, एखाद्या टाक्यासारखी बारीक, मधोमध. दहा वाजले, अकरा वाजले. मित्राच्या हातात दुर्बीण होती. खडकांखालून गुंडाळ्या सुटत होत्या, थांबत होत्या. बारा. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मी स्वतःला विचारत होते, मला नक्की काय हवंय? उतार कोसळावा, म्हणजे कालचा राग जाईल? की तसाच राहावा, म्हणजे आपलं खरं होतं असं म्हणता येईल? एक वाजला, दोन वाजले. पायवाटेच्या कडा वितळून रुंद झाल्या. चारला डोंगराची सावली उतारावर आली आणि त्याचा रंग निळसर झाला.

मित्राने दुर्बीण खाली ठेवली. उस्ताद मागे स्टोव्हपाशी भांडी घासत होते. "उस्ताद, नहीं आया," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो खरंच विचारत होता.

"हां. नहीं आया," उस्ताद म्हणाले. त्यांनी पातेलं उपडं घातलं, हात पुसले आणि पश्चिमेकडे आभाळात पाहिलं. तिकडे एकही ढग नव्हता.